विश्लेषण : शेत मालकाचे, वाट सगळ्यांची! इंग्लंडच्या पायवाटांचा हक्क नेमका काय आहे?

ऑक्टोबरच्या मध्यावर इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्यातून बाहेर पडले, की एक दृश्य हमखास दिसते. नुकतेच नांगरलेले काळपट शेत, आणि त्याच्या मधोमध पायांनी तुडवलेली एक सरळ रेघ. शेत खासगी आहे, मालक तिथेच ट्रॅक्टरवर आहे. तरी पाठीवर सॅक घेतलेली चार अनोळखी माणसे त्या रेघेवरून आरामात चालली आहेत. कुणी हटकत नाही, कारण हटकण्याचा अधिकारच कुणाला नाही.

हा हक्क आला कुठून?

चर्चला, गिरणीला, बाजाराला जाण्यासाठी गावकऱ्यांनी पाडलेल्या या वाटा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांची एकूण लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. कायद्याच्या नजरेत अशी पायवाट हा सार्वजनिक रस्ताच असतो. लोक 20 वर्षे विनापरवानगी, उघडपणे आणि विनाअडथळा चालत राहिले, तर मालकाने ती वाट लोकांना दिली असे 1980च्या हायवेज ॲक्टनुसार मानले जाते. तसा हेतू नव्हता, हे मालकाला दाखवून द्यावे लागते. वाट एकदा सार्वजनिक झाली की रीतसर बंद होईपर्यंत सार्वजनिकच राहते, मग वर्षानुवर्षे तिकडे कुणी फिरकले नाही तरी!

वहिवाटीचे खटले पाहिलेल्या मराठी वाचकाला 20 वर्षांचा आकडा ओळखीचा वाटेल. भारताच्या 1882च्या सुविधाधिकार कायद्यातही तो आहे आणि त्याचे मूळ इंग्रजी कायद्यातच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे भांडण बहुधा शेजारच्या गटाशी असते. तिकडे हक्क कुणाचाही, लंडनहून रविवारी फिरायला आलेल्याचासुद्धा.

पेरणीच्या दिवसांत काय?

शरद ऋतू हा तिथे हिवाळी गव्हाच्या पेरणीचा हंगाम, त्यामुळे खरी कसोटी याच दिवसांत लागते. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो. पण पहिल्या मशागतीनंतर 14 दिवसांत ती किमान एक मीटर रुंद आणि चालण्याजोगी करून द्यावीच लागते. बांधालगतची वाट मात्र नांगरता येत नाही. पीक उगवून वाट झाकली गेली, तर चालणाऱ्याला वाटेच्या रेषेत पिकातून जाता येते. बैलांबाबतही नियम आहे : दुधाळ जातीचा, 10 महिन्यांहून मोठा वळू अशा शेतात मोकळा सोडता येत नाही. इतर जातींचा चालतो, पण सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. (कायद्याने दिलासा दिला तरी वळू समोर दिसल्यावर तो कितपत टिकतो, हा प्रश्न निराळा.)

कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तोंडात टाकल्या तर ती चोरी होत नाही. रानफळे, अळंबी घरच्यापुरती तोडण्याला 1968च्या थेफ्ट ॲक्टने चोरीतून वगळले आहे. विकण्यासाठी तोडली तर मात्र गुन्हा. सप्टेंबरअखेरच्या मायकलमस सणानंतर सैतान या फळांवर थुंकतो, म्हणून ती खाऊ नयेत, अशी जुनी समजूत आहे. तोवर फळे पाणचट झालेलीच असतात.

हक्कासाठी तुरुंगवास का?

वाटेपुरता हक्क असला तरी मोकळे डोंगर-माळ लोकांना बंदच होते. डर्बीशरमधील किंडर स्काउटचा माळ शिकारीसाठी राखीव होता. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार तिथे मुद्दाम घुसले आणि राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगवास झाला; त्यांत 20 वर्षांचा बेनी रॉथमन होता. पुढे 1949च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने आली आणि पायवाटांची अधिकृत नोंद नकाशावर करणे प्रशासनांना बंधनकारक झाले.

मग आता वाद कशाचा?

त्या नोंदीत असंख्य वाटा सुटल्या. 2000च्या कायद्याने जुन्या वाटा नोंदवायला 1 जानेवारी 2026 ही अखेरची मुदत दिली. ‘रॅम्बलर्स’ या चालणाऱ्यांच्या संस्थेने स्वयंसेवकांकरवी जुने नकाशे तपासले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये 49 हजार मैलांहून अधिक वाटा अधिकृत नकाशाबाहेर असल्याचे तिने सांगितले. इंग्लंडमधली मुदत आधी 2031पर्यंत वाढली. डिसेंबर 2024मध्ये सरकारने ती रद्दच करण्याची घोषणा केली. शेतकऱ्यांची बाजूही आहेच. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरून उद्या गोठ्यातून वाट निघाली तर करायचे काय, हा त्यांचा सवाल खोटा नाही. शिवाय अर्ज करणे सोपे, निकाल लागणे कठीण. प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात.

चालायचे असल्यास...

ऑर्डनन्स सर्व्हेच्या 1:25,000 नकाशात हिरव्या तुटक रेषा म्हणजे या वाटा. प्रत्यक्षात खांबावरचा पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा. फाटक जसे सापडले तसेच सोडावे : उघडे तर उघडे, बंद तर बंद. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणून टॉर्च हवीच.