विजेवरील सायकल : नियमन आणि सुरक्षा

छत्तीसगडमधील भिलाईची वाढ सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याभोवती झाली. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. सेक्टरमध्ये विभागलेल्या या नियोजित वसाहतीलगत मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गही (जुना क्रमांक ६, आता ५३) जातो. अवजड मालमोटारी आणि सायकली जेथे एकाच परिसरात वावरतात, अशा शहरांत विजेवरील सायकलीचे नियमन हा महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार वाहनासाठी नोंदणी, चालक परवाना व त्रयस्थ पक्ष विमा आवश्यक असतो. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) पायडल-साहाय्य सायकलीला त्यातून वगळतो. त्यासाठीच्या प्रमुख अटी अशा : मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असावी, ताशी २५ किलोमीटर वेग गाठताच किंवा त्याआधी पायडल थांबताच मोटारीचे साहाय्य बंद व्हावे, बॅटरी वगळता वजन ६० किलोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, योग्य ब्रेक तसेच पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा.

वेगमर्यादेमागे भौतिकशास्त्राचे कारण आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ ऐवजी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्याच वाहनाची ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतरही जवळपास तितकेच वाढते. म्हणूनच मोटार बदलून किंवा वेगनियंत्रक काढून सायकल वेगवान करणे ही किरकोळ दुरुस्ती ठरत नाही. सवलतीच्या अटी मोडताच ती मोटार वाहन ठरते. मग परवाना नसलेला शाळकरी मुलगा कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक होतो. अपघात झाल्यास विम्याअभावी भरपाईचा भार कुटुंबावर पडू शकतो आणि जखमी पादचाऱ्यालाही भरपाईसाठी झगडावे लागते.

सवलत म्हणजे बेजबाबदारपणाची मुभा नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २८१ नुसार गुन्हा आहे. हेल्मेटसक्तीचे कलम १२९ मोटारसायकलींसाठी असले, तरी सायकलस्वाराच्या डोक्यालाही संरक्षणाची तितकीच गरज असते.

घटनात्मक चौकटही लक्षात घ्यावी. यंत्रचालित वाहने समवर्ती सूचीत (नोंद ३५), सर्वसाधारण रस्ते राज्य सूचीत (नोंद १३), तर राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत (नोंद २३) येतात. वाहनाचे मानक केंद्राने ठरवले, तरी त्याला सुरक्षित मार्गिका, प्रकाशयोजना आणि नियमांची अंमलबजावणी यांची जोड राज्य शासन व नगरपालिका-महापालिकांनीच द्यावयाची आहे. या तिन्ही स्तरांच्या समन्वयावरच सायकलस्वाराची सुरक्षितता अवलंबून आहे.