राळ्याच्या वाटीपलीकडे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातलं गाव. मका, कापूस, बाजरी आणि अद्रक पिकवणारा हा मुलूख. इथल्यासारख्या गावांतही आता ओसरीच्या कडीला तारेचा पिंजरा दिसतो. आत हिरवे, पिवळे, निळे चिमुकले पक्षी. गल्लीतली पोरं सांगतात, ‘लव्हबर्ड आणलेत!’ दुकानदारही ते याच नावानं विकतो. पण हे लव्हबर्ड नव्हेत. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जाड चोचीचे आणि आखूड शेपटीचे. ओसरीतल्या पिंजऱ्यात बहुधा असतो तो बजरीगार, म्हणजे बोलण्यातला बजी. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा.

नाव ऐकून बाजरी आठवते, पण त्या नावाचा बाजरीशी काही संबंध नाही. ते ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतून आलं असं मानतात. पक्ष्याचा मात्र बाजरीसारख्या धान्याशी जवळचा संबंध आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशात बजींचे प्रचंड थवे पावसामागे फिरतात. जिथं पाऊस पडून गवत निसवतं, तिथं ते उतरतात, जमिनीवर चालत बारीक दाणे टिपतात आणि पाणी आटलं की पुढं निघतात. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञानं १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून हा पक्षी जगभरच्या घरांत पोचला. रानातला बजी हिरवा-पिवळाच असतो. निळे, पांढरे आणि राखी हे सगळे रंग माणसानं पिंजऱ्यात पैदास करून वाढवले. दुकानात बजीशेजारी दिसणारे कॉकॅटील आणि झेब्रा फिंच हेही ऑस्ट्रेलियाचेच. कोरड्या मुलखातले हे पक्षी आता मराठवाड्याच्या कोरड्या मुलखात राहायला आले आहेत. त्यामुळे त्यांना काय खायला द्यावं, याचं बरंचसं उत्तर इथल्या शेतात आणि स्वयंपाकघरातच सापडतं.

बहुतेक घरांत मात्र बजीचं खाणं एकच असतं. दुकानातून आणलेलं राळं किंवा कांग सकाळी वाटीत ओततात आणि काम संपतं. राळं वाईट नाही. बारीक, कमी तेलाचं आणि सोलायला सोपं असं हे धान्य पूर्वी इथल्या शेतातही पिकायचं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा माणसांच्या ताटातही त्याची पुन्हा चर्चा झाली. बाजरी, वरी, राळं हा बजीच्या आहाराचा पाया असू शकतो. चूक होते ती त्या पायावर काहीच न उभारल्यानं.

वाळलेल्या दाण्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. कॅल्शियम आणि आयोडीनही फार कमी असतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक, तोंड आणि श्वसनमार्गाचं अस्तर बिघडतं आणि पक्षी वारंवार आजारी पडतो. आयोडीन कमी पडलं की गळ्याजवळची थायरॉइड ग्रंथी सुजते आणि श्वासनलिकेवर दाब येतो. आवाज बदलतो, श्वास घेताना टिकटिक ऐकू येते, खाल्लेलं उलटून पडतं. घरातले म्हणतात, ‘सर्दी झालीय.’ नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या बजीत हा विकार पशुवैद्यांना जुन्या काळापासून माहीत आहे. यावर घरचं आयोडीनयुक्त मीठ चारणं हा उपाय नव्हे. मीठ एवढ्याशा जिवाला विषासारखं ठरतं. अशा वेळी पक्ष्याला डॉक्टरकडेच न्यावं.

मग वाटीत काय हवं?

एका बजीला दिवसाला साधारण एक ते दोन चमचे दाणे पुरतात. राळं, बाजरी, वरी मिसळून द्यावी. करडई, सूर्यफूल आणि शेंगदाणे पक्षी आवडीनं खातात, पण ही तेलबियांची भर आहे. मोठ्या पोपटवर्गीय पक्ष्यांना त्या मोजून द्याव्यात, बजीला क्वचितच. पिंजऱ्यात बसून तेलकट दाणे खाणाऱ्या बजीच्या यकृतावर चरबी साचते आणि तरणा पक्षी अचानक मरतो.

दाण्यांसोबत रोज हिरवं हवं. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची यांतलं एखाद-दोन आलटून पालटून द्यावं. पालक अधूनमधून चालतो. रोज दिल्यास त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. भाजीवर फवारणी झालेली असू शकते, म्हणून पाला दोन-तीन पाण्यांनी धुवावा आणि उरलेला दुपारपर्यंत काढून टाकावा.

हिवाळ्यात मराठवाड्याकडे या पक्ष्यांसाठी खास देणगी असते, ती म्हणजे हुरडा. रानातला बजी वाळलेल्या दाण्यांइतकेच कोवळे, दुधाळ दाणेही खातो. बाजरीचं किंवा ज्वारीचं कोवळं कणीस पिंजऱ्याच्या तारेला अडकवलं की पक्षी उलटं लटकून, कणसाशी झटत एकेक दाणा काढतो. त्याचं पोट भरतं आणि दिवसाचा व्यायामही होतो. आपण हुरड्यावर तिखट-मीठ घेतो, त्याला मात्र साधा, कच्चाच द्यायचा. मक्याचं कोवळं कणीसही असंच देता येतं. हुरड्याचा हंगाम सरला की बाजरीला मोड आणून द्यावेत. मोड आले की दाणा मऊ होतो आणि काही जीवनसत्त्वंही वाढतात. पण आंबट वास किंवा बुरशीचा धागा दिसला, तर ते सरळ फेकून द्यावेत.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन पिंजऱ्यात अडकवावं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं हे पांढरं, हलकं हाड म्हणजे माकूळवर्गातल्या एका समुद्री जिवाचं आतलं कवच. पक्षी ते घासून खातो आणि त्याची चोचही झिजत राहते. उकळून, वाळवून पूड केलेलं अंड्याचं कवचही चालतं. वाळूची मात्र गरज नसते, कारण बजी दाणा सोलून गर तेवढा गिळतो.

सोलून खाण्याच्या या सवयीत एक धोका दडलेला आहे. पक्षी टरफल पुन्हा वाटीतच टाकतो. संध्याकाळी पाहावं तर वाटी काठोकाठ भरलेली दिसते, आणि आत नुसता कोंडा असतो. घरात कुणाला शंकाही येत नाही आणि पक्षी उपाशी राहतो. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम. एवढ्या शरीरात साठा किती असणार? एक-दोन दिवसांची उपासमारही त्याला पेलत नाही. म्हणून रोज सकाळी वाटीवर हलकेच फुंकर मारून कोंडा उडवावा आणि खाली खरे दाणे किती उरलेत ते पाहावं. नवं खाणं सुरू करतानाही जुनं एकदम बंद करू नये. अनोळखी पाला पक्षी आठवडाभर हुंगतही नाही, पण रोज समोर दिसला की एक दिवस चोच लावतो.

शेतीच्या गावात आणखी काळजी लागते. पेरणीच्या बियाण्याच्या पिशवीतली उरलेली बाजरी पक्ष्यांना कधीही घालू नये. त्यावर बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं, आणि अशा बियाण्याला गुलाबी रंग धोक्याची खूण म्हणूनच दिलेला असतो. बाजरीत कधी कधी अरगट रोगाच्या काळ्या गाठी असतात. त्या वेगळ्या काढण्यासाठी शेतकरी बियाणं मिठाच्या द्रावणात घालून वर तरंगणारं काढून टाकतात. अशी गाठीची बाजरीही पक्ष्याला नको. धान्याच्या कोठीत किडीसाठी गोळ्या ठेवल्या असतील, तर त्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो. पिंजरा त्या खोलीच्या आसपासही नसावा.

ओल लागलेला मका आणि बुरसलेले शेंगदाणे यांचा धोका जगाला १९६० मध्ये कळला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधताना धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत गेला. पेंडीतल्या बुरशीनं तयार केलेलं विष होतं अफलाटॉक्सिन. ते यकृत नासवतं आणि उकळूनही पुरतं जात नाही. पावसाळ्यात भिजलेल्या मक्याचा घरासाठी नको झालेला भाग ‘पाखरांना घाला’ म्हणून बाजूला ठेवला जातो. पण तो पाखरांनाही घालू नये.

चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, खारट फरसाण आणि अॅव्होकॅडो हे पदार्थ पिंजऱ्यात कधीच जाऊ नयेत. सफरचंद द्यायचं तर बिया काढून. अन्नाखेरीज हवेतूनही विष जातं. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेनं वाहत जाते आणि तो माणसापेक्षा कितीतरी जोमानं हवा शोषतो. इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून कॅनरी पक्षी नेत, ते याच कारणानं. १९८६ पर्यंत ही पद्धत चालू होती. आज तोच धोका स्वयंपाकघरात आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू काही मिनिटांत पिंजरा ओस पाडतो. चुलीचा धूर, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती यांपासूनही पिंजरा लांब हवा.

बजीची पिल्लं हा घरोघरी कौतुकाचा विषय. पिंजऱ्यात भोकाचं मडकं टांगलं की मादी चार-सहा अंडी घालते, सुमारे १८ दिवसांत पिल्लं फुटतात आणि महिनाभरानं बाहेर येतात. लगेच पुन्हा अंडी. रानात बजी पाऊस पडून दाणा मुबलक झाला तरच घरटं करतो. पिंजऱ्यात भरलेली वाटी आणि मडकं कायम असतं, म्हणजे त्याच्यासाठी बारमाही पावसाळाच. त्यात मादी झिजत जाते, तिच्या हाडांतलं कॅल्शियम अंड्यांच्या कवचात जातं आणि एखादं अंडं अडकून ती दगावते. वर्षातून दोन विणी पुरे. त्यानंतर मडकं काढून ठेवावं.

पिंजरा उंच नको, लांब हवा, कारण बजी वर नव्हे, आडवा उडतो. बसायला प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्याऐवजी कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बांधाव्यात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हालचालीला पुरेशी जागा न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हा गुन्हाच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली टांगलेला पिंजरा भट्टी होतो. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून लांब धरू लागला की समजावं, त्याला ऊन सोसवत नाही. पिंजरा सावलीत, वाळ्याच्या किंवा ओल्या गोणपाटाच्या पडद्याजवळ हलवावा, दिवसातून दोनदा ताजं पाणी द्यावं, आंघोळीला उथळ थाळी ठेवावी. कूलरचा थेट झोत मात्र नको.

आजार लपवणं हा पक्ष्यांचा स्वभाव, कारण रानात दुबळा दिसलेला पक्षी शिकार होतो. फुगून बसणं, तळाशी उतरणं, श्वासासोबत शेपटी हलणं, विष्ठेचा रंग बदलणं ही लक्षणं दिसली म्हणजे आजार पुढं गेलेला असतो. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. पिंजरा कोंबड्यांच्या खुराड्यालगत नसावा. बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आली, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आढळला. शिवाय पोपटवर्गीय पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. पिंजऱ्याचा तळ कोरडा झाडू नये, आधी पाणी शिंपडावं आणि मग पुसावा.

राहिला प्रश्न आपल्या राघूचा. कन्नडलगतच्या गौताळा अभयारण्यात, मक्याच्या शेतांवर, गावातल्या वडा-पिंपळावर दिसणारा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे, मग तो कुणी भेट दिलेला का असेना. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुनिया आणि मैना यांनाही हाच कायदा लागू आहे. आफ्रिकन ग्रे किंवा मकावसारखे परदेशी पोपट पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजी आणि कॉकॅटील यांना ती लागत नाही. ढोलीतून पडलेलं राघूचं पिल्लू सापडलं किंवा घरात जुना पोपट असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकदम उडवून दिला तर तो जगत नाही.

चांगलं खाणं आणि चांगली जागा मिळाली तर बजी आठ-दहा वर्षं जगू शकतो. म्हणजे पाचवीतल्या लेकरासाठी आज आणलेला पक्षी ते बारावी होईपर्यंत घरात असेल. तेवढी वर्षं रोज दाणा, पाला, सावली आणि सकाळची दहा मिनिटं देणं घराला जमेल का, हे आधी सगळ्यांनी बसून ठरवावं आणि मगच पिंजरा आणावा.