हिरड्यांतील सूज आणि रक्तातील साखर

सकाळी दात घासताना ब्रशवर रक्ताचा लालसर ठिपका दिसला, तर बहुतेक जण चूळ भरतात आणि कामाला लागतात. नाकातून रोज असेच रक्त येऊ लागले, तर हीच मंडळी त्या दिवशीच डॉक्टरांकडे धाव घेतील. हिरड्या दुखत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खोबण असते. निरोगी तोंडात तिची खोली साधारणतः तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसते. दातांवर जमणारा जिवाणूंचा चिकट थर तेथे साचून राहिला, की हिरडी सुजते आणि लाळेतील क्षारांमुळे त्या थराचे टणक कीटण बनते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅरल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ स्वयंसेवकांना दात घासणे थांबवायला सांगितले होते. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासणे सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिल्या टप्प्यातील दुखणे परतवता येते. पुढे मात्र खोबण खोल होते, दाताला आधार देणारे हाड झिजते आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. जुन्या पिढीला हा विकार ‘पायोरिया’ या नावाने परिचित आहे.

बळावलेल्या विकारात सर्व दातांभोवतीच्या या खोबणींचे अस्तर एकत्र मोजले, तर ते ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते. एवढी जखम पायावर असती, तर ती कोणी उघडी ठेवली नसती. या जखमेतून जिवाणू आणि दाह निर्माण करणारी रसायने रक्तात उतरतात. ही रसायने इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे साखर वाढते. वाढलेल्या साखरेमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्ती दुबळी होते, जखमा उशिरा भरतात आणि हिरड्या आणखी बिघडतात. लोए यांनीच १९९३ मध्ये हिरड्यांच्या विकाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या दृष्टीने हे चक्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

उपचाराने हे चक्र तुटते का? २०१३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारानंतरही साखरेत फरक पडला नव्हता. मात्र ३५ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात, खोलवर सफाई केल्यानंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा ‘एचबीए१सी’ सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. घट माफक आहे आणि ती औषधांना पर्याय नाही. तरीही गोळ्यांची मात्रा वाढवण्यापूर्वी रुग्णाला एकदा तोंड उघडायला सांगण्यास काय हरकत आहे? आपल्याकडे मधुमेहतज्ज्ञ पाय आणि डोळे पाहतात, तोंड क्वचितच.

हृदयविकाराबाबत मात्र जपून बोलायला हवे. हिरड्यांचा विकार असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो, हे खरे. पण एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झाले नसल्याचे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट केले होते. धूम्रपान दोन्हींना सारखेच खतपाणी घालते. गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने अकाली प्रसूती टळते, ही आशाही २००६ मधील अमेरिकी चाचणीत फोल ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सर्व रोगांचे मूळ दातांत’ या समजुतीपायी पाश्चात्त्य देशांत अनेकांचे दात विनाकारण उपटले गेले. तो उत्साह पुन्हा नको.

आपल्याकडील घोळ निराळे आहेत. हिरडीतून रक्त येते म्हणून तेथे ब्रश फिरवणेच सोडले जाते. त्यामुळे थर वाढतो आणि रक्तही. दात साफ करून घेतल्यास ते हलू लागतात, ही समजूतही पक्की आहे. प्रत्यक्षात दात आधीच सैल झालेले असतात आणि कीटणाने ते धरून ठेवलेले असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या बळकट होतात हा भ्रम आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्त कमी येते, त्यामुळे आतले नुकसान बराच काळ झाकलेले राहते.

मधुमेहींनी दंतवैद्याकडे जाताना ताजा ‘एचबीए१सी’ अहवाल सोबत न्यावा. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांनी सफाईपूर्वीच तसे सांगावे. त्यांना आधी प्रतिजैविक घ्यावे लागते.