टॅमलिन हे नाव आलं कुठून?
सारा जे. मासच्या 2015 मधल्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’मधला टॅमलिन आठवतोय? हे नाव ‘टॅम लिन’ या स्कॉटलंडच्या जुन्या लोकगीतातलं आहे.

गीतातला टॅम लिन माणूसच, पण परीराणीच्या कैदेत. पऱ्या दर 7 वर्षांनी नरकाला बळी देतात आणि यंदा आपलाच नंबर लागणार, ही त्याला धास्ती. जॅनेटच्या पोटात त्याचं मूल आहे. हॅलोविनच्या मध्यरात्री ती त्याला घोड्यावरून खाली ओढते, घट्ट मिठी मारते. पऱ्या त्याचा साप करतात, जंगली श्वापद करतात, तापलेलं लोखंडही करतात. जॅनेट सोडत नाही. शेवटी तो माणूस होतो, राणी चरफडत राहते.

या पऱ्या पंखवाल्या चिमुकल्या नाहीत बरं का, चांगल्याच धोकादायक आहेत. मासच्या कादंबरीतही टॅमलिनला सोडवायला फेयराच जाते.