मे नव्हे, ऑक्टोबर सांभाळा

“काकू, ही तर वाळवंटातली झाडं. यांना उन्हाचं काय?” खर्डीत माझ्याकडे सक्युलंटची रोपं न्यायला येणारे निम्मेअधिक लोक हे एकदा तरी म्हणतात. त्यांत नाशिक हायवेलगत फार्महाऊस घेतलेले मुंबईकर जास्त, पण गावातलेही वेगळं बोलत नाहीत. मग काही दिवसांनी मोबाइलवर फोटो येतो. इचेव्हेरियाच्या पानांवर पांढुरके चट्टे, कोरफड तपकिरी, आणि खाली प्रश्न: कुठलं औषध मारू?

वाळवंट म्हणजे सगळीकडे उघडं रान, हे सिनेमातलं वाळवंट झालं. अ‍ॅरिझोनातला सग्वारो कॅक्टस पुढे चाळीस फुटांवर जातो, पण लहानपणी तो पालो व्हर्डेसारख्या झाडांच्या सावलीत वाढलेला असतो. घराघरांतल्या टेबलांवर दिसणारी हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या बुडाशी आणि खडकांच्या आडोशाला राहते. आपली माकडशिंगीही कातळावर येते खरी, पण गवताच्या, काटेरी झुडपांच्या अंगालगत. या झाडांना पाण्याची टंचाई सोसते. म्हणून कसलंही ऊन सोसेल, असं नाही.

आमच्याकडे ती लोकांना आवडायचं कारणही पाणीच. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, वैतरणा आणि भातसाही याच भागातल्या, तरी शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. घागरभर पाण्यात आठवडा काढणारी कुंडी कोणाला नको? पण झाड पाणी वाचवतं ते कसं, हे कळलं की ते भाजतं कशानं, तेही कळतं.

पानफुटी सगळ्यांच्या ओळखीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं हिंदुस्थानात तिचं पान चावून पाहिलं आणि १८१३ साली लंडनला कळवलं, की हे पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी तो आंबटपणा उरत नाही. कारण पुढे उलगडलं. ही झाडं पानांची छिद्रं रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून तो वापरतात. आंब्याच्या किंवा जांभळाच्या पानाला दुपारी वाफ सोडून अंग थंड ठेवता येतं. पानफुटीला, इचेव्हेरियाला भरदुपारी ती सोय नाही. जाड, पाण्यानं भरलेलं पान तापतच जातं. त्यावरचा मेणाचा पांढरा थर आणि उन्हात चढणारा लाल रंग हाच त्याचा बचाव, आणि तो तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

माझं सगळं म्हणणं या दोन-तीन आठवड्यांवर आहे. झाड कडक उन्हानं भाजतं त्याहून जास्त अवचित उन्हानं भाजतं. म्हणून मेपेक्षा मला ऑक्टोबरची धास्ती. मेचं ऊन फेब्रुवारीपासून एकेक पायरी चढत येतं. बाहेर ठेवलेली झाडं त्याबरोबर निबर होत जातात. पण जूनपासून चार महिने आमच्याकडे ढग आणि धार. झाडं हिरवीगार, लुसलुशीत, उंच होतात. बघणाऱ्याला वाटतं, काय तरारलीत! मेण पातळ झालेलं, लाली गेलेली. आणि एके दिवशी आभाळ निवळतं. भात पिवळा व्हायला लागतो, शेतकरी खूश, माझ्या कुंड्या मात्र त्या आठवड्यात भाजतात.

त्यात आणखी एक गंमत आहे, जी दक्षिणेला तोंड असलेल्या घरांत हटकून दिसते. खर्डी साडेएकोणीस अक्षांशाच्या जरा वर. मेच्या मध्यानंतर भरदुपारी सूर्य माथ्यावर येतो, मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत किंचित उत्तरेकडे. तेव्हा दक्षिणेच्या ओसरीत दुपारचं ऊन शिरतच नाही. सप्टेंबरपासून तो दक्षिणेला कलतो आणि ऊन दर आठवड्याला थोडं आत सरकतं. डिसेंबरात भरदुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे ज्या कोपऱ्यात हॉवर्थिया उन्हाळाभर सुखात होती, त्याच कोपऱ्यात ऑक्टोबरात ती होरपळते. कुंडी कोणी हलवलेली नसते, त्यामुळे घरातले रोग शोधत बसतात.

सावलीची झाडंही पारखून घ्यावी लागतात. इथली रानं सागाची. जानेवारीत सागाखाली मांडलेल्या कुंड्या मार्चमध्ये उघड्यावर येतात, कारण साग नेमका तेव्हाच पानं टाकतो. आंब्याची सावली बारमाही, पण मोहरावर तुडतुडे आले की चिकटा खाली गळतो आणि पानांवर काजळी धरते. फणसाखाली ठेवा. झाड नसेल तर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, कुंड्यांच्या डोक्यापासून चांगली दोन-तीन फूट वर, म्हणजे मधून वारा खेळतो. जुनी सुती साडीही चालते. निळी ताडपत्री नको. खाली वाफारा कोंडतो. काळ्या प्लास्टिक पिशव्या उन्हात तापून मुळं शिजतात, त्या मातीच्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवाव्यात. आणि पाणी संध्याकाळी, तेही पाइपमधलं पहिलं पाणी सोडून देऊन, कारण उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी हाताला चटका देतं. पानांवरचे थेंब भिंगासारखे पान जाळतात म्हणतात, ते मात्र फारसं मनावर घेऊ नका. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की गुळगुळीत पानावर तसं होत नाही. लव असलेल्या पानावर थेंब उचललेला राहतो, तिथे होऊ शकतं.

हा केवळ हौशी लोकांचा विषय राहिलेला नाही. सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा झाल्यात. तो कॅक्टसच, पण मूळचा मध्य अमेरिकेतल्या जंगलात झाडांवर चढणारा, अर्ध्या सावलीतला. आपण त्याला माळावर सिमेंटच्या खांबाला बांधलं. उन्हाळ्यात त्याच्या फांद्या पिवळ्या पडतात, भाजलेल्या जागी पुढे बुरशी शिरते. मग शेतकरी वर शेडनेट ओढतात, केओलिनची पांढरी फवारणी करतात. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही या पिकावर काम चालतं.

आता भाजलेल्याचं काय करायचं. आधी बोट लावून बघा. चट्टा कोरडा, खरखरीत, फक्त उन्हाच्या बाजूला आणि आहे तेवढाच असेल तर तो भाजल्याचा. मऊ, पाणचट, बुडाकडून वर सरकणारा असेल तर ती कूज; तिथे सुरी लागते. पानांच्या कडा नुसत्या लालसर झाल्या असतील किंवा अख्खी कोरफड तांबूस झाली असेल तर घाबरायचं कारण नाही, सावलीत रंग परततो.

भाजलेलं झाड उजेडाच्या सावलीत न्यायचं, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. तिथे ते उजेड शोधत लांबुडकं होतं आणि पुढच्या उन्हाला आणखी कच्चं ठरतं. माती कोरडी असेल तर संध्याकाळी पोटभर पाणी, ओली असेल तर थांबायचं. खत नको. “हळद लावू का?” असं विचारतात, कोरड्या चट्ट्याला काहीच लागत नाही. पान खुडूही नका. त्याचा हिरवा राहिलेला भाग काम करत असतो आणि खालच्या पानांवर सावलीही धरतो. मधला कोंबच जळला असेल तरी इचेव्हेरियाच्या खोडाला बगलेतून पिल्लं फुटतात. ती मोठी झाली की कापून, काप चार दिवस सुकू देऊन, वाळूमिश्रित मातीत लावायची. मग पुन्हा उन्हाची सवय, आधी फक्त सकाळचं तासभर, मग हळूहळू नऊ-दहापर्यंत.

चट्टा मात्र जात नाही. इचेव्हेरियाची जुनी पानं गळून जातात तेव्हा त्यांच्याबरोबर तो जातो. बॅरल कॅक्टसवर तो वाढीबरोबर खाली सरकत बुडाशी पोचायला वर्षं लागतात. गिऱ्हाईक असं झाड घेत नाही, म्हणून ते मी निम्म्या किमतीत देते. ज्यांना तो बघवत नाही ते कुंडी फिरवून डाग भिंतीकडे करतात, आणि आजवर भिंतीकडे असलेली कोवळी बाजू उन्हाला देऊन बसतात. फिरवायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीत फिरवा, तीही एकदम नाही, दर आठवड्याला थोडी थोडी.