कोस्टरच्या पोटात काय भरावे?

आमच्या पेढीवर सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेले सागवानी मेज आहे. त्याच्या पॉलिशवर पहिला पांढरा गोल डाग पडला, तो माझ्या हातच्या कोस्टरमुळे. वैशाखात पाहुण्यांपुढे थंड ताकाचे पेले ठेवले होते. पेल्यांना सुटलेले पाणी कोस्टरवरून ओघळून लाकडावर साचले आणि ते लक्षात येईपर्यंत तास उलटला होता. सासरे काहीच बोलले नाहीत, रुमालाने पुसत राहिले. मला तेच अधिक लागले.

कोस्टर दिसायला देखणे होते. दोष त्यांच्या पोटात होता. मी पॉलिस्टरचे फुगीर भरण घातले होते, ज्याला बाजारात वॅडिंग म्हणतात. रजईसाठी ते हलके आणि उबदार असते, धुतल्यावर लवकर वाळते. परंतु पॉलिस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पिऊन घेतच नाही. शिवाय मऊ उशीवर ठेवल्यासारखा पेला डुलतो. कडक इस्त्री फिरवली तर भरण चपटे होते, ते वेगळेच. त्याच भरणाचे ४८ नग नणंदेच्या मुलीच्या लग्नात देण्यासाठी शिवून तयार होते. ते सारे मी उसवले.

मग काय भरावे? प्रथम पिंजलेल्या कापसाची आठवण होते. तो पाणी शोषतो, उष्णता अडवतो; मात्र सुटा कापूस दोन धुण्यांत गोळा होतो आणि कोस्टर एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात रिकामा उरतो. सुयांनी ठोकून घट्ट केलेली कापसाची पातळ चादर मिळाली तर ती अवश्य घ्यावी. मात्र पहिल्या धुण्यात ती साधारण ३ ते ५ टक्के आटते, म्हणून वरचे कापड आणि भरण दोन्ही आधी भिजवून वाळवावे. लोकर ओल शोषते, पण तिला कसर लागते, आणि मग कसर घालवण्याचे उपाय आपल्याच्याने होत नाहीत. रेशमी भरणाविषयी आपल्या घरांत निराळे सांगायला नको.

अखेर उत्तर कपाटातच सापडले. सोलापुरी सुती टॉवेल, वापरून मऊ झालेला! तो जितका आटायचा तितका आधीच आटलेला असतो. त्याच्या फासांत पाणी मुरते आणि त्याच फासांतल्या हवेमुळे गरम चहाच्या स्टीलच्या पेल्याची धग खाली कमी पोचते. एक थर पुरतो. दोन घातले की पुन्हा पेला डुलू लागतो. टॉवेल नसेल तर फ्लॅनेलचे दोन थर किंवा जुन्या धोतराच्या चार घड्या चालतात. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

वरचे कापड ११ सेंटिमीटर चौरस कापले, तर भरण १० सेंटिमीटरचे कापावे, म्हणजे शिवणीत जाडी येत नाही. टॉवेलचे जाड काठ आधीच काढावेत. मध्ये दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरा घातला की भरण सरकत नाही. ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या एका टॉवेलमधून, विरलेला भाग टाकून दिला तरी, ६०-७० तुकडे सहज निघतात. नवे सुती भरण विकत आणले, तरी ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून ११ सेंटिमीटरचे ९० तुकडे होतात. भरण थोडे महाग घेतल्याने एका नगामागे पडणारा फरक किती, हे व्यापारी घरात मी सांगण्याची गरज नाही.

दुकानदार ‘शंभर टक्के सुती’ म्हणाला, तरी एक धागा काढून चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. घरी आणल्यावर तुकड्यावर चमचाभर पाणीही टाकून पाहावे. ते वरच घरंगळले, तर ते भरण कोस्टरच्या कामाचे नाही. काही नव्या सुती कापडांना खळ असते, म्हणून ही परीक्षा धुतल्यानंतरच खरी.

सुताचाही एक दोष आहे. ते पाणी पिते, तसे धरूनही ठेवते. चातुर्मासात ओला कोस्टर मेजावर तसाच राहिला, तर त्याला बुरशी धरते आणि लाकडालाही ओल लागते. म्हणून मी दोन जोड ठेवले आहेत. एक वापरात, दुसरा गॅलरीतल्या दोरीवर. रात्री पेढी बंद करताना सासरे ओले कोस्टर मोजून माझ्या हाती देतात.