पडलेल्या लाकडाच्या आश्रयाने

ज्या प्राण्याचे वजन जेमतेम दहा ग्रॅम भरते आणि जो अंधार पडल्याखेरीज आपल्या आसऱ्याबाहेर येत नाही, त्याची वस्ती अरण्याच्या कोणत्या भागात आहे आणि कोणत्या भागात नाही हे ठरवावयाचे असेल, तर त्याची वाट पाहत बसण्यात काही हशील नसते. त्याच्या वाटेवर पिंजरा मांडावा लागतो आणि तो सापडला म्हणजे त्याच्याइतकीच त्या जागेचीही झडती घ्यावी लागते. महाबळेश्वरापासून दक्षिणेस कोयनेच्या खोऱ्याकडे पसरत गेलेल्या सह्याद्रीच्या माथ्यावर हे काम करणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीबरोबर ऐन हिवाळ्यात हिंडण्याचा योग मला आला, आणि अरण्याची योग्यता केवळ उभ्या वृक्षांवरून ठरवण्याचा आपला जो शिरस्ता आहे तो किती अपुरा आहे, याचा प्रत्यय तेथे पावलोपावली येत गेला.

या मुलखातील उंदरांची शास्त्रीय दखल तशी जुनी आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतील वॉल्टर इलियट या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ साली प्रसिद्ध केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये खानदेशापासून प्रारंभ करून साऱ्या देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. आणि त्या पाहणीत जमा झालेली कातडी व कवट्या तपासून मार्टिन हिंटन यांनी १९१८ साली सातारा जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या एका लांब शेपटीच्या उंदराला त्या जिल्ह्याचेच नाव दिले. पुढे कित्येक दशके हा साताऱ्याचा उंदीर घरोघरच्या काळ्या उंदराची एक पोटजात म्हणून दप्तरी पडून राहिला होता. कवटीची आणि जनुकांची नव्याने तपासणी झाल्यानंतर, या शतकात, त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला.

पिंजरे मांडण्याचे काम सूर्य कलू लागला की सुरू होई. घडी घालून पिशवीत भरता येतील असे ते ॲल्युमिनियमचे लांबट डबे. आत पाऊल पडताच तळाची पट्टी दबावी आणि मागील दार मिटावे, अशी त्यांची योजना. दहा-दहा मीटरांवर एकेक डबा, आत शेंगदाण्याचे कूट आणि सुक्या खोबऱ्याचा तुकडा, शिवाय माथ्यावरच्या थंडीत सापडलेला जीव गारठून मरू नये म्हणून कापसाचा बोळा, एवढी तजवीज झाली की डब्यावर पालापाचोळा पसरावयाचा. भुईवर न उतरणारे प्राणी भुईवरच्या पिंजऱ्यात येणार नाहीत, हे उघड असल्यामुळे काही डबे वेलींच्या जाळ्यात आणि आडव्या फांद्यांवर सुतळीने बांधावे लागत. ओळ सरळ राखण्याच्या नादात एक डबा उघड्या जागी आला, तेव्हा बरोबरचे वाटाडे मामा म्हणाले, ‘‘ताई, तितं नगा ठेवू. उंदीर उघड्यावरनं चालत न्हाई. त्यो ओंडक्याच्या कडंकडंनं जातोय.’’ मापाची शिस्त आणि मामांचे ज्ञान यांत तडजोड अशी निघाली की खुणेच्या जागेपासून हातभर अंतरात जो आडोसा असेल त्याला लागून डबा ठेवावा.

पहाटे फेरी लवकर करावी लागे, आणि त्याचे मुख्य कारण चिचुंद्री हे होते. उंदराच्या कुळाशी तिचा काही संबंध नाही. ती किडे खाणारी, आणि तिच्या देहातील ज्वलन इतके शीघ्र की काही तासांचा उपवासही तिला सोसत नाही. सापडलेला प्राणी कापडी पिशवीत घेऊन तोलकाट्याला टांगावयाचा, धड, शेपटी, मागील पाऊल आणि कान यांची लांबी मोजावयाची, पाठीवरचे चिमूटभर केस कातरून खूण करावयाची आणि ज्या जागी तो सापडला त्याच जागी सोडून द्यावयाचा, हा क्रम. कानामागे चिकटलेल्या गोचिडांची नोंद वेगळी होई, आणि हातमोज्यांशिवाय कोणी पिशवीला हात लावीत नसे. कारण १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात जो माकडताप उद्भवला आणि ज्याचा पुढे सिंधुदुर्गापर्यंत शिरकाव झाला, त्याच्या गोचिडांची बाल्यावस्था अशाच लहान प्राण्यांच्या अंगावर पोसली जाते.

परंतु खरा वेळ प्राण्याला लागत नसे. लागे तो जागेला. चौकटी आखलेल्या बहिर्गोल आरशात वरच्या पर्णछत्राचे प्रतिबिंब पाहून किती चौकटी झाकल्या हे मोजावयाचे, पाचोळ्यात पट्टी रोवून त्याची खोली घ्यावयाची, कारवीच्या काठ्या मोजावयाच्या, दगडांतील फटी, खोडांतील ढोल्या आणि पडलेली लाकडे यांची गणती करावयाची, आणि लाकूड किती जाड, किती कुजलेले, त्याखाली पोकळी आहे की नाही, हा तपशील वहीत उतरावयाचा. पिंजरा रिकामा निघाला तरी या कामातून सुटका नसे; किंबहुना रिकाम्या पिंजऱ्याची जागा न मोजल्यास भरलेल्या पिंजऱ्याच्या जागेला काही अर्थच उरत नाही.

अशा नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे वरून एकसारखे दिसणारे अरण्य निरनिराळ्या मजल्यांचे आणि दालनांचे असल्याचे उघड होते. पिसा, जांभूळ आणि अंजनी यांच्या दाट, सलग छायेत साताऱ्याचा उंदीर भुईपासून फांदीपर्यंत सहज ये-जा करतो, आणि राई विरळ होऊन शेत-वस्ती आली की त्याचे स्थान काळ्या उंदराकडे जाते. वेलींच्या गुंत्यात झाडउंदीर राहतो. त्याची शेपटी धडाहून बरीच लांब, आणि पावलाच्या पहिल्या व पाचव्या बोटांवर नखराऐवजी चपटे नख, म्हणजे सडपातळ डहाळी पकडून चालण्यासाठीच जणू घडवलेले. कातळाच्या कपारी आणि वृक्षांच्या ढोल्या पांढऱ्या शेपटीच्या रानउंदराच्या, जाड पाचोळा चिचुंद्रीचा, गवत आणि झुडपे झुडपी उंदराची. माथ्यावरच्या सपाटीला तर तिचा स्वतःचा प्राणीही असू शकतो. १९७५ साली सिंहगडावर जो कोंढाणा उंदीर शास्त्राला नव्याने ज्ञात झाला, तो प्रथम केवळ त्या पठाराच्या परिसरातूनच ज्ञात होता.

या साऱ्या घटकांत पडलेल्या लाकडाचे महत्त्व मला सर्वाधिक वाटले, कारण ते एकाच वेळी अनेक गरजा भागवते. वाळक्या पाचोळ्यावरून पळणाऱ्या उंदराचा आवाज घुबडाच्या कानी सहज पडतो, तर ओंडक्याच्या पाठीवरून तो निःशब्द जाऊ शकतो. ओंडक्याखाली उन्हाळ्यातही ओल टिकते, त्या ओलीवर बुरशी आणि किडे वाढतात, आणि पोकळ बुंध्यात पिल्ले सुरक्षित राहतात. असा ओंडका हलविला म्हणजे उभ्या झाडांची संख्या एकानेही घटत नाही, छत्र पूर्वीइतकेच दाट राहते, आणि तरीही त्याच्या आधाराने राहणारे कुटुंब उठून जाते. हानी केवळ त्या कुटुंबापुरतीच नसते. हे प्राणी काही बिया खातात, काही पुरून विसरतात, आणि साप, घुबडे, जवादी मांजरे यांचा चरितार्थ त्यांच्यावर चालतो.

सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा कित्येक रायांतून वाळलेली काटकीही उचलू नये असा जुना दंडक असल्याचे नोंदले गेले. हा दंडक देवाच्या कोपाच्या भयाने पाळला गेला असेल, परंतु त्याने राखली ती उभी झाडे एवढीच नव्हेत, तर त्यांच्या पायाशी कुजत पडलेले सर्व काही. मोळीवर चूल पेटणाऱ्या घरांना हाच नियम सगळ्या रानात लावणे अन्यायाचे होईल. पण बोटाएवढी काटकी आणि मांडीएवढा पोकळ ओंडका यांत भेद करता येतो, आणि पहिली नेऊन दुसरा जागीच कुजू देण्याने चुलीचे फारसे अडत नाही. त्यासाठी नवा कायदा नको. वनाच्या पाहणीत झाडाच्या घेराला जसा रकाना असतो तसा पडलेल्या लाकडाला आणि पाचोळ्यालाही असावा, म्हणजे निदान आपण काय उचलून नेत आहो याचा हिशेब सरकारी दप्तरात राहील.